एका इंजिनावर

उन्नती चुरी आगाशीची. केळी आणि सोनचाफ्याच्या वाडीत वाढलेली. घरातली पहिलीच विमानात बसली ती थेट हवाईसुंदरी म्हणून. आता नोकरीचं तिचं चौथं वर्ष होतं.

त्या सकाळी मुंबईहून विमान उडालं आणि जरा वर चढलं, एवढ्यात डावीकडे फटाक्यांची माळ फुटावी तसे धडाधड आवाज झाले. विमान हिसका बसून एका अंगावर कललं. जळका वास आला. उन्नती मागच्या दाराजवळच्या खुर्चीत पट्टा बांधून बसली होती. कुणीतरी ओरडलं, "आग! पंखातून आग निघतेय!"

खुर्चीजवळचा विमानातला फोन वाजला. पुढून लेस्टर, तिचा वरिष्ठ, हळू आवाजात बोलला, "डावं इंजिन कॅप्टनने बंद केलंय. परत फिरतोय. केबिन तयार कर."

ती उठली. एकेकाचा पट्टा ओढून बघत ती पुढे सरकू लागली. एक गृहस्थ वरून बॅग काढायला उभा राहिला. "खाली बसा! आत्ताच्या आत्ता!" आपला आवाज एवढा चढू शकतो हे तिला माहीत नव्हतं. तो बसला.

ती मागे परतली तेव्हा शेवटच्या रांगेत एकट्या बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "पोरी, खरं सांग. पडणार का आपण?"

शिकवलेलं वाक्य तिच्या तोंडात आलं नाही. "एक इंजिन बंद आहे, मावशी. दुसऱ्यावर उतरता येतं."

"तुला भीती वाटत्येय?"

"वाटत्येय."

बाईंनी तिचा हात सोडला. "मग जा, बस जागेवर. पट्टा लाव."

विमान समुद्रावरून वळलं. दाराच्या छोट्या खिडकीतून अर्नाळ्याचा किल्ला दिसला, त्यामागे आगाशीच्या झाडांची हिरवी पट्टी. तिथेच कुठेतरी आई चाफा खुडत असेल. तिला काहीच कल्पना नसेल. या विचाराने उन्नतीला रडू फुटलं असतं. तिने दात आवळले आणि संकटात दार उघडायच्या सूचना एकेक करून मनात म्हणत राहिली. उरलेल्या इंजिनाचा आवाज किंचित बदलला तरी ती पुन्हा पहिल्या सूचनेपासून सुरू करत होती.

चाकं जोरात आदळली. दोन्ही बाजूंनी अग्निशमनाच्या गाड्या धावल्या. विमान थांबलं. आग नव्हती. माणसं रडत होती, टाळ्या वाजवत होती. सगळी उतरेपर्यंत ती हसून नमस्कार करत होती. मग स्वच्छतागृहात जाऊन ओकली.

घरी आई म्हणाली, "सोड ती नोकरी. वाडीत काय कमी आहे?"

उन्नतीने सुट्टी काढली. मिक्सर लागला तरी ती दचकायची. झोपेत पट्टा चाचपायची. लेस्टरचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, "तुझी भीती गेली का रे?"

"नाही गेली," तो म्हणाला. "पण मी उद्या जातोय."

पुढच्या आठवड्यात तीही गेली. विमान धावपट्टीवर सुटलं तेव्हा तिने मांडीखाली दोन्ही हात दाबून धरले आणि समोरच्या प्रवाशांकडे बघत राहिली.