डाव्या पायातलं जोडवं

नल्लकुंट्याच्या त्या गल्लीत सत्यवती घरात कुठे आहे, हे शेजारच्या भामाला भिंतीपलीकडून कळायचं. शहाबादी फरशीवर तिची जोडवी टकटक वाजत. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. भामाची भाजी निवडून होईपर्यंत हिची चूल सारवून झालेली असे, आणि वर "अजून देठच मोडतेस का गं?" असं भिंतीवरून विचारूनही झालेलं असे.

नवरा मात्र अगदी उलट. एकनाथराव मालगुजारीच्या दफ्तरात अहलकार होते, म्हणजे कारकून. उर्दूचं अक्षर सुरेख, आवाज हळू, स्वभाव भिडस्त. घरात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर थांबून दोनदा खाकरायचे. घरात सुना-लेकी असतील, कुणाचा पदर ढळला असेल, म्हणून जुने पुरुष तसं करीत. या घरात होत्या कोण, तर आई आणि बायको. मालनबाई लेकाला म्हणायच्या, "इथं कोण बेगम बसलीय पडद्यात? ये की सरळ आत!" एकनाथराव ओशाळं हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाकरायचे.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या बातम्या रोज नव्या येत. एकनाथरावांची बहीण पद्मावती कल्याणीकडच्या एका खेड्यात दिलेली. मालनबाईंचा जीव तिच्यात अडकलेला. "पद्मीला घेऊन ये रे," हे त्या सकाळी म्हणत, जेवताना म्हणत, दिवा लावताना म्हणत. सत्यवती एकदा म्हणाली, "आत्याबाई, रस्ते बरे नाहीत. थोडं थांबू या." त्यावर मालनबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. ज्येष्ठात एकनाथराव एक वळकटी घेऊन निघाले.

भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली. चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं म्हणतात. पळून गेलेली माणसं परतू लागली. काचीगुडा स्टेशनावरून टांगे यायचे, गल्लीतली कुलपं उघडायची, महिनोन्महिने बंद असलेल्या घरांतून फोडणीचा वास यायचा. काही घरांना मात्र याच दिवसांत नवी कुलपं लागली, आणि ती माणसं कुठे गेली हे कुणी विचारीत नसे. पद्मावतीही आली. ती आणि तिच्या सासरचे उन्हाळ्यातच सोलापूरला निघून गेले होते. दारात पाऊल टाकताच तिने विचारलं, "दादा कुठाय?"

सासू-सुना तिच्यामागे रस्त्याकडे बघत होत्या. तेव्हा तिला कळलं, आणि यांनाही कळलं. एकनाथराव तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

पद्मावती पंधरवडाभर रडून सासरी गेली. दफ्तरातले लोक म्हणाले, चौकशी चालू आहे. नंतर म्हणाले, धीर धरा. सत्यवतीचा भाऊ गावाकडून ज्वारी पाठवी, त्यावर दोघींचं चालत होतं.

खाकरण्याचा आवाज पहिल्यांदा आला तो त्याच दिवसांत. दुपारची जेवणं झाली होती. सत्यवती ताटं विसळत होती. उंबऱ्याबाहेर कुणीतरी खाकरलं, दोनदा, नेहमीसारखं. ती ओल्या हातांनी धावली. दारात ऊन होतं आणि समोरच्या भिंतीवर शेणाच्या गोवऱ्या होत्या. ती परत आली आणि तेच ताट पुन्हा विसळू लागली. सासूबाई खांबाला टेकून वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मग तो आवाज दुपारचा येतच राहिला. रोज नाही. आज नाही येणार असं वाटून तिचा जीव जरा थाऱ्यावर आला की हमखास येई. प्रत्येक वेळी ती धावे. धावल्याशिवाय राहवत नसे. एखाद्या दुपारी आपण उठलो नाही आणि नेमके तेव्हाच ते दारात उभे असले, भिडस्त माणूस, कुणी ये म्हटलं नाही म्हणून तसेच परत फिरले, तर?

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. ती पाट्यावर चटणी वाटून उठली. पाटा धुऊन भिंतीला उभा करीत होती, तोच बाहेर खाकरणं आलं. तिचा हात सुटला. पाटा भिंतीवरून घसरला आणि डाव्या पायावर आला.

ओरडलीसुद्धा नाही ती. लंगडत दारापर्यंत गेली, बाहेर बघितलं, मग परत येऊन खाली बसली. अंगठ्याशेजारचं बोट, जोडव्याचं, ठेचलं होतं. नखाखाली रक्त साकळलं होतं. तिने हळद आणि चुना कालवून लेप दिला, जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली आणि चटणी वाटीत काढली.

रात्रीतून बोट फुगलं. जोडवं मांसात रुतलं. सकाळी ती टाचेवर चालू लागली.

मालनबाई डोळ्यांनी अधू होत्या, कानांनी नव्हत्या. दुपारपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग विचारलं, "एकच जोडवं वाजतंय. दुसरा पाय कुठं ठेवून आलीस?"

"पाटा निसटला, आत्याबाई. काही नाही, लागलंय थोडं."

"आण इकडं."

"असू द्या."

"पाय आण म्हणते!"

सासूबाईंनी चिंधी सोडली. बोट वांग्यासारखं झालं होतं. त्यांनी हात लावला तो फक्त टाचेला. बोटाला नाही, जोडव्याला तर नाहीच. स्वतःचा नवरा वारल्यापासून त्यांनी सुनेच्या करंड्याला, बांगड्यांना, जोडव्यांना कधी हात लावला नव्हता. विधवेचा हात. तिचं सौभाग्य आपल्या सावलीलासुद्धा नको, अशा बेताने त्या त्याच घरात वावरत आल्या होत्या.

"काढ ते जोडवं," त्या म्हणाल्या.

"निघेल. सूज उतरली की."

"ते काढल्याशिवाय सूज उतरायची नाही. तेल लाव. साबण लाव. दोरा गुंडाळून ओढ."

"उतरेल म्हणते ना मी!"

साबण लावला नाही तिने, दोराही गुंडाळला नाही. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसे. जवसाचं पोटीस बांधी. वेदना टाचेतून पोटरीत, पोटरीतून मांडीत चढे, मग तिला थंडी भरून येई. भामा भिंतीवरून विचारपूस करायची. तिला बातमीची हौस होती आणि तारतम्य कमी. "काढू नका हो वहिनी जोडवं," ती म्हणाली. "आमच्या मावशीच्या चुलतजावेनं विहिरीवर नुसतं घासायला काढून ठेवलं होतं. दुपारी तार आली."

सत्यवती म्हणाली, "जा गं, तुझं दूध उतू जातंय." पण त्या दिवसापासून ती पदर पायावर ओढून बसू लागली, जणू ते जोडवं कुणी हिसकावून नेईल. तिला सगळं लख्ख दिसत होतं. कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी ओसरीवर एकनाथराव तापाने पडले आहेत, किंवा तुरुंगात आहेत, किंवा चालत निघाले आहेत. हे बोटात आहे तोवर ते चालत आहेत. हे निघालं की तिकडे काय होईल, याचा विचार ती पुरा होऊ देत नसे.

मालनबाईंनी भामाच्या नवऱ्याकरवी डॉक्टर बोलावले. डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं. सत्यवतीने ओठ चावला. ते बाहेर येऊन म्हणाले, "रक्त अडलंय. काळं पडायला लागलंय. उद्यापर्यंत ती कडी कापून काढा, नाहीतर बोट कापावं लागेल. आणि उशीर केलात तर बोटावर भागायचं नाही."

डॉक्टर गेल्यावर सत्यवती म्हणाली, "जाऊ दे बोट."

"आणि बोट गेल्यावर जोडवं कशात घालशील? नाकात?"

एरवी ती हसली असती. आता ती रडू लागली. "तुम्हाला काय, आत्याबाई. तुम्ही पाठवलंत त्यांना."

इतक्या महिन्यांत हे वाक्य घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मालनबाईंनी हातातली वात खाली ठेवली. मग काठी शोधत उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "भामे, नवऱ्याला सांग, उद्या दुपारी कंसाली घेऊन ये."

कंसाली म्हणजे तिकडचा तेलुगू सोनार. म्हातारा होता, बारीक करवत, चिमटे, सगळं फडक्यात बांधून आला. ओसरीवर बसला, पाय बघितला, "अय्यो" म्हणाला. मग फडकं सोडेना.

"यजमान किधर है, अम्मा?"

मालनबाई म्हणाल्या, "बाहरगाव."

"सुहागन का जोडवा हम ऐसेच नहीं काटते, अम्मा. पहले मालिक हात लगाना, फिर हमारी करवत. बाप-दादा से येइच चलता. मालिक नै तो देवर, भाई, कोई बी आदमी."

"आदमी नक्को," मालनबाई म्हणाल्या. "मी लावते हात."

कंसालीने त्यांच्या कोऱ्या कपाळाकडे बघितलं. सत्यवतीने पाय मागे ओढला. "आत्याबाई, तुम्ही नको!"

"का? माझा हात वाईट म्हणून?"

सत्यवतीने पदर पायावर ओढला. तेच तिच्या मनात होतं आणि दोघींना ते ठाऊक होतं.

"मी त्याची आई आहे," मालनबाई म्हणाल्या. "तू त्याची बायको होण्याआधी मी त्याची आई होते. माझ्या हातानं तो मरायचा असता तर पाळण्यातच मेला असता, बारशाला मीच आंघोळ घातली होती त्याला. आण पाय." त्यांनी फरशीवर फतकल मारली, सुनेचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि जोडव्यावर सबंध तळहात ठेवला. सासूच्या मांडीवर सुनेचा पाय. सत्यवतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो हात थंड होता, आणि त्या आगीवर बरा वाटला.

"आता काप रे बाबा."

कंसालीने मांस आणि चांदी यांच्यामध्ये एक पातळ पत्रा सरकवला. सत्यवतीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. करवत चालू झाली. बारीक, किरकिर आवाज.

आणि उंबऱ्याबाहेर कुणीतरी खाकरलं. दोनदा.

सत्यवतीचं सगळं अंग उठायला निघालं. पण पायावरचा सासूचा हात त्याच क्षणी घट्ट आवळला गेला. तिने बघितलं. मालनबाईंची मान दाराकडे वळली होती. तोंड अर्धवट उघडं होतं. कंसालीची करवत चालूच होती. त्याने काही ऐकलं नव्हतं.

"आत्याबाई," सत्यवती हलकेच म्हणाली. "तुम्हालाही?"

"तू पहिल्यांदा धावलीस त्याच्याही आधीपासून."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलू? तू धावायचीस. मला वाटायचं, बरंय, हिला धावता तरी येतं. मी इथं बसून वाती वळायची."

"दार..."

"दार उघडंच आहे. त्याचंच घर आहे. यायचं असेल तर येईल आत. तू हलू नकोस, करवत लागेल."

सत्यवती हलली नाही. एकनाथराव गेल्यापासून पहिल्यांदाच ती तो आवाज ऐकून बसून राहिली. दारातून ऊन आत आलं होतं. तिची नजर त्या उन्हावरून हलेना, मालनबाईंचीही हलेना. मग 'टक्' झालं आणि कंसाली म्हणाला, "हो गया अम्मा." चांदीचं वाकलेलं कडं त्याने फडक्यावर ठेवलं. बोटातून पू आणि रक्त वाहू लागलं, आणि सत्यवती गुडघ्यात डोकं घालून रडली, मोकळेपणाने, गल्लीला ऐकू जाईल अशी. मालनबाई तिचा पाय धुत बसल्या.

गल्लीने ते रडणं ऐकलं आणि नको तो अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळीच डोक्यावर पदर घेतलेल्या बायका येऊन ओसरीवर बसल्या. एकीने डोळ्यांना पदर लावला. मालनबाईंनी थोडा वेळ चालू दिलं, मग विचारलं, "कोण गेलं गं?"

"मालनबाई, आता काय सांगायचं..."

"सांगा की. बोट राहिलंय. बोटासाठी रडायला आला असाल तर रडून झालंय आमचं. घरी स्वयंपाक असतील ना?"

बायका उठल्या.

बोट वाचलं, पण वाकडं राहिलं, सांध्यापाशी जाड, नख कायमचं गेलेलं. कंसाली जोडवं सांधून घेऊन आला, तेव्हा ते चढेना. "बडा करके लाऊं क्या, अम्मा?" त्याने विचारलं.

सत्यवतीने पाय पदराखाली घेतला. "नक्को. उजवं आहे. तेवढं राहू दे." जोडवं देवळीत ठेवलं गेलं.

दुपारचं खाकरणं बंद झालं नाही. तांदूळ निवडताना आलं की मालनबाई म्हणत, "आलं गं." सत्यवती म्हणे, "हो." आणि दोघी पुढचा खडा शोधू लागत. ती आता धावत नसे. चालणंही बदललं होतं. भिंतीपलीकडे भामाला एकच टकटक ऐकू येई, मधल्या पावलाला काहीच नाही.

संक्रांतीला भामाकडे हळदीकुंकू होतं. बोलावणं करीत ती घरोघर हिंडली आणि शेवटी, सगळी घरं झाल्यावर, सत्यवतीच्या दारात आली. हातात कुंकवाची कोयरी. सत्यवती दारातच उभी होती. भामाने तिच्या पायांकडे बघितलं. उजवा पाय बघून तिने बोट कुंकवात बुडवलं. डावा पाय बघून हात तसाच थांबवला.

"काय गं, पाय मोजायला आलीस का?" सत्यवतीने विचारलं.

"नाही हो वहिनी, बोलवायला."

"मग बोलव ना."

भामाचा चेहरा रडवेला झाला. "कसं बोलवू, तेच कळेना."

सत्यवतीने तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं, राग येईल. आला नाही.

"मलाही कळत नाही," ती म्हणाली. "ये, आत येऊन बस."

भामा आत येऊन बसली. कुंकू लागलेलं बोट मात्र तिने कशालाही न लावता वर धरून ठेवलं होतं.