वामनरावांचा चिंचोका

वामनराव डॉक्टरांना मी प्रथम पाहिले ते खर्डी स्टेशनबाहेरच्या चिंचेखाली, अंगात कोट घालून चिंचोके वेचताना. मी शहापूरच्या शाळेत गणित शिकवणारा. मदतीला म्हणून वाकलो, आणि त्यांनी संभवाचे, म्हणजे शक्यता मोजण्याचे, गणित सांगून मला जे धरले ते आजतागायत सोडलेले नाही.

त्यांना छळणारा प्रश्न साधा होता. शेजारशेजारच्या दोन वाड्या. एकीत हिवताप दोन घरांत येऊन विझतो, दुसरीत चूल पेटवायला माणूस उरत नाही. लोक म्हणत, देवीचा कोप. डॉक्टर म्हणत, "यात योगायोग किती, तेवढे तरी पाहू." दर घराची खूण कोरलेला एकेक चिंचोका ते गाडग्यात टाकत. तापाच्या घराचा चुन्याने पांढरा करत. न पाहता दोन काढायचे, म्हणजे त्या दोन घरांची गाठ पडली; एक पांढरा निघाला की दुसऱ्यालाही चुना, आणि दोन्ही परत आत. काही फेऱ्यांनी ते घर बरे झाले असे धरून चुना पुसायचा. मग सारे पुन्हा पहिल्यापासून. दर खेपेस वाडीचे नशीब निराळे निघे. पण पहिलाच पांढरा लगेच पुसला, म्हणजे पहिल्याच घरी औषध पोचले, तर ताप बहुतेक तिथेच थांबे. लढाईमुळे हिवतापावरचे कोयनेल मिळेनासे झाले होते. तापाची पहिली वर्दी येताच डॉक्टर असेल तेवढे घेऊन मुरबाडपर्यंत पायी जात.

शेणव्याजवळच्या वाडीत मात्र घात झाला. भगत तांदूळ टाकून कौल बघतो तसे हे चिंचोके बघतात, असा तिथे समज झाला. सगळ्यांदेखत पहिला चिंचोका तिथल्या भागीबाईंच्या घराचा निघाला, आणि पुढे त्यांचा मुलगा तापाने गेला.

"तुमी माज्या घराचा चिंचोका काढला, म्हनून पोर गेला," त्या म्हणाल्या.

मी चिडलो, तेव्हा डॉक्टर मलाच म्हणाले, "मास्तर, त्यांना संभव नको आहे, मूल हवे आहे."

वाडीची दारे बंद झाली. तिथून न जाता डॉक्टर वाडीबाहेरच्या खोपटात एकटे राहू लागले. पत्नी पूर्वीच वारलेल्या. बोलायला काय ते गाडगे. मला ते पाहवत नसे. तरी कुठे ताप आला की कोयनेल उंबऱ्यावर ठेवून ते मुकाट परतत.

गेल्या वर्षी मी खोपटात असताना भागीबाई आल्या. उंबऱ्यावरच्या कोयनेलने नातीचा ताप उतरला होता. गाडग्याबाहेर एकच चिंचोका पडलेला त्यांना दिसला.

"ह्यो कोनाचा?"

"माझ्या घराचा. मी वाडीचा नाही, म्हणून बाहेर."

"टाका आत."

"बाई, गणित बदलेल."

"बदलू दे. एकला काय करंल तो?" म्हणत त्यांनीच तो गाडग्यात टाकला.

डॉक्टरांनी तो पुन्हा बाहेर काढला नाही. सगळे गणित नव्याने मांडले.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. शंभर मागावीत, तर ते त्याचा संभव विचारत बसतील. म्हणून एवढेच मागतो: आमच्या चिंचोक्यांत त्यांचाही चिंचोका पुष्कळ वर्षे असाच राहो, बिनचुन्याचा.