चिठ्ठीखालचा आकडा

त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात फळीवर गोळ्यांचे तीन रिकामे डबे होते आणि त्यांत तीन तऱ्हेच्या चिठ्ठ्या. पहिल्या डब्यात ‘चालेल’, दुसऱ्यात ‘ट्रान्सफॉर्मरवर चालेल’, तिसऱ्यात ‘नेऊ नका’. परदेशात राहायला निघालेली माणसं सामान बांधण्याआधी त्याच्याकडे यायची. इस्त्री, मिक्सर, टेप, पंखा, केस वाळवायचं यंत्र, असं काय काय पिशव्यांतून निघायचं. तो प्रत्येक वस्तू उघडायचा, आतली धूळ ब्रशने झटकायचा, झाकण बसवायचा आणि तपासून झालं की मागच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवायचा. चिठ्ठीवर पारदर्शक पट्टी, म्हणजे अक्षर पुसायला नको. तीस वर्षांत त्याने चिकटवलेली एकही चिठ्ठी खोटी ठरली नव्हती, निदान तसं सांगायला कुणी परत आलं नव्हतं.

गल्लीत त्याला ‘चालेल’ म्हणायचे. “चालेल आहे का घरात?” असं कुणी दारातून विचारलं की बायको आतून ओरडायची, “आहे, पण चालत नाही, बसून आहे!”

त्याची मोठी बहीण परदेशात मुलाकडे कायमची राहायला जायची ठरली तेव्हा तिने दोन बॅगा भरल्या आणि तिसरी वस्तू छातीशी धरून दुकानात आली. उशाशी ठेवायचं रेडिओचं घड्याळ. नवरा गेल्यापासून ते तिच्या उशाशी होतं. लाल, मोठे आकडे, चष्म्याशिवाय दिसणारे.

“हे मी नेणार,” ताई म्हणाली. “बाकी सगळं वाटून टाकलं.”

भाचा तेव्हा तिला न्यायला आलेला होता. तो बँकेत कामाला होता आणि सामानाच्या वजनाच्या बाबतीत काटेकोर होता. “मामा, तिकडे असली घड्याळं ढिगाने मिळतात. शिवाय तिकडची वीज वेगळी. हिला तूच सांग.”

“वीज तू मला शिकव आता,” तो म्हणाला. “तुझी चावीची आगगाडी कोण दुरुस्त करायचं? बँक?”

ताई हसली. “त्याने चालेल म्हटलं की चालतं रे.”

तिकडे व्होल्टेज निम्मं, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. त्याने ताईसाठी ट्रान्सफॉर्मर विकत आणला नाही, स्वतः गुंडाळला. तीन संध्याकाळी तांब्याची तार वेढ्यामागून वेढा, मोजत. बायको म्हणाली, “माझी वेणी घालायला कधी इतका वेळ दिला नाहीत.” मग त्याने घड्याळ उघडलं, पुसलं, रेडिओची खरखर काढली. नियमाने त्यावर दुसऱ्या डब्यातली चिठ्ठी लागायला हवी होती. पण ट्रान्सफॉर्मर तर आपणच देतोय, मग ताईला कशाला घाबरवायचं, म्हणून त्याने पहिल्या डब्यातली घेतली. मागे कंपनीची छोटी पट्टी होती, तिच्यावरच ती नीट बसली. चालेल.

पहिल्या महिन्यात ताईचा फोन आला तेव्हा आवाज खुशीत होता. “इथे दिवस जात नाही म्हणतात ना लोक? खोटं आहे. माझा दिवस भुर्रकन जातो. आत्ता दुपार म्हणते तोवर दिवेलागण.”

“रमलीस म्हणजे,” तो म्हणाला.

“रमते कसली. पण वेळ पुरत नाही खरा.”

त्याने हे दुकानात चारचौघांना सांगितलं. आमची ताई तिकडे रमली.

दुसऱ्या महिन्यात भाच्याचा फोन आला. आवाज दबलेला, म्हणजे शेजारच्या खोलीत ताई असणार. “मामा, आई जरा विचित्र वागते. पहाटे तीनला उठून अंघोळ करते, म्हणते पाच वाजले. मी सहाला घरी येतो तर ताटं वाढून गार झालेली, आणि मलाच रागावते, आठ वाजवलेस म्हणून. रेडिओच्या घड्याळाची बटणं दाबत बसते बहुतेक. मी निघताना लावतो, आल्यावर पुन्हा लावतो, तरी दर वेळी पुढे गेलेलं. विचारलं की म्हणते हात लावला नाही.”

“वय झालं रे तिचं,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने सहज म्हटलं होतं. चहाचा कप बाजूला सरकवावा तितक्या सहज.

ताईशी बोलताना त्याने विचारलं, “स्वयंपाकघरात घड्याळ नाही का?”

“आहे की. शेगडीवर आहे. पण ते मागे पडतं. मी तुझंच बघते.”

मग एका गुरुवारी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई दुकानात आल्या. त्यांनाही त्याच देशात जायचं होतं. त्यांनी टेबलावर मिक्सर ठेवला, शेजारी टेबलफॅन. त्याने पंख्याची पाती बोटाने फिरवली आणि नेहमीचं बोलायला लागला. “ट्रान्सफॉर्मरवर चालेल. पण एक सांगून ठेवतो, पंखा तिकडे जरा जोरात फिरेल. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, तिकडची साठ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हेलकावे नाही. त्यामुळे जे जे हेलकाव्यांवर चालतं ते…”

तो थांबला. पातं अजून हळूहळू फिरत होतं.

“ते काय?” बाईंनी विचारलं.

“ते पुढे पळतं,” तो म्हणाला.

फिरणाऱ्या वस्तूंबद्दल तो हे तीस वर्षं सांगत आला होता. घड्याळात फिरणारं काही नव्हतं. नुसते लाल आकडे. पण ते आकडेसुद्धा विजेचे हेलकावेच मोजत होते. पन्नास झाले की एक सेकंद धरायचा, एवढंच घड्याळाला माहीत. तिकडे एका सेकंदात साठ येत होते आणि ते बिचारं प्रामाणिकपणे मोजत होतं. तासाला बारा मिनिटं पुढे. त्याने कागदावर मांडलं. सकाळी आठला लावलं तर संध्याकाळी सहाला त्यात आठ. संध्याकाळी सहाला लावलं तर पहाटे तीनला पाचाला बारा कमी. सगळं जुळत होतं. ताईचा एकही आकडा चुकलेला नव्हता.

त्याने भंगारातलं तशाच जातीचं घड्याळ काढून उघडलं. आत एक बारीक तार होती, पन्नासची. ती कापली की घड्याळ साठ मोजतं. ताईच्या घड्याळातली हीच तार त्याने ब्रशने झाडली होती. कातर शेजारीच पडलेली होती.

लगेच फोन करायला हवा होता. त्याने केलाही. ताईने उचलला, आणि तो म्हणाला, “थंडी फार आहे का गं तिकडे?”

यामागे काही मोठं कारण नव्हतं. भाच्याने वीज वेगळी म्हटलं होतं आणि आपण त्याला आगगाडीवरून झापलं होतं, एवढंच. तीन डबे फळीवर होते, एवढंच. आज नको, उद्या नीट समजावून सांगू. उद्या दुकानात गर्दी होती. परवा ताईचा आवाज थकलेला वाटला, म्हणून नको. गप्प बसण्याला रोज नवं कारण मिळत गेलं, आणि प्रत्येक कारण त्याने दुरुस्तीच्या वस्तूसारखं उलटंपालटं करून बघितलं. कुठलंच बरोबर नव्हतं. तरी दिवस निघत होते.

“सोल्डरचा डाग सारखा भलतीकडे का पडतोय?” बायकोने विचारलं.

“टोक खराब झालंय.”

“हाताचं?”

नवव्या दिवशी भाच्याचा फोन आला. “मामा, आईला दाखवायचं ठरवलंय. स्मरणशक्तीचे डॉक्टर आहेत. परवा सकाळी अकराची वेळ मिळालीय. मागच्या आठवड्यात घराची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. शेगडीची बटणंही काढून ठेवतो जाताना. नाइलाज आहे. आता तीही म्हणायला लागलीय, की मी झोपेत दाबत असेन.”

त्याचं तोंड उघडलं होतं. शब्द तिथपर्यंत आले होते. तो म्हणाला, “हं. सांभाळा तिला.”

फोन ठेवून तो फळीसमोर जाऊन उभा राहिला. ताई किल्लीशिवाय, बटणं नसलेल्या शेगडीसमोर, उशाशी त्याच्या हातचं घड्याळ. तिला कोंडून ठेवणारा मुलगा वाईट नव्हता. त्याला जे दिसत होतं त्यावरून तो वागत होता. जे दिसत नव्हतं ते इथे, या फळीवर, भंगारातल्या घड्याळात उघडं पडलं होतं.

अकराव्या दिवशी, तिकडे सकाळचे नऊ होत असताना, त्याने फोन लावला. भाचा तिला न्यायला दहाला बँकेतून परत यायचा होता.

“ताई, घड्याळ हातात घे. उलटं कर.”

“बटण दाबलं जाईल रे.”

“दाबलं जाऊ दे. मागे काय आहे?”

“तुझी चिठ्ठी. चालेल लिहिलंय.”

“ती काढ.”

“पट्टी घट्ट आहे. काय सुबक लावलीस!” नख घासल्याचा आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा. “ओलं फडकं आणते.” फोन ठेवल्याचा, पावलांचा, परत आल्याचा आवाज. “निघाली. खाली बारीक छापलंय. चष्मा लावू दे… दोनशे तीस. आणि पुढे पन्नास.”

“ते पन्नास. तिकडे साठ असतात.” त्याने समजावलं. पंख्याचं उदाहरण देऊन त्याने सगळं सांगितलं, तारेपर्यंत, कातरीपर्यंत.

पलीकडे रेडिओ चालू होता, त्यात कुणी बाई परक्या भाषेत बोलत होती.

“म्हणजे मी बटणं दाबत नव्हते,” ताई म्हणाली.

“नव्हतीस.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

“मी हात बांधून झोपले रे दोन रात्री. ओढणीने. बघायला, की दाबते का.” ती हसल्यासारखं काही झालं. मग तिने विचारलं, “तुला कधी कळलं?”

आज, असं म्हणता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. बाई, पंखा, गुरुवार, यातलं तिकडे काहीच पोचत नव्हतं.

“अकरा दिवस झाले,” तो म्हणाला.

“अकरा,” ती म्हणाली. “तुझ्या घड्याळाने की माझ्या?”

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. “ठेव आता. पोराला तू सांग. मी सांगितलं तर तो म्हणेल, आता घड्याळावर ढकलते.”

त्याने भाच्याला बँकेत फोन केला आणि ताईला सांगितलं तेच सांगितलं, अकरा दिवसांसकट. भाचा रागावेल म्हणून तो तयार बसला होता. भाचा रागावला नाही. म्हणाला, “मामा, मी तिला खोटारडी म्हणालो. परवा. तोंडावर.” मग म्हणाला, “मी घरी जातो.” आणि फोन बंद झाला. मामा-भाच्यांपैकी कुणीच त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही.

डॉक्टरकडे ते गेले नाहीत. किल्ली त्याच दुपारी परत मिळाली. भाच्याने भिंतीवर सेलचं मोठं घड्याळ लावलं, ताईच्या खोलीत पलंगावरून दिसेल असं. शेगडीची बटणं जागेवर आली. सगळं दुरुस्त झालं, जसं म्हणतात तसं.

दुकानात आता एकच डबा आहे. परदेशी जाणारे येतात, तो वस्तू तपासतो, मागची छापील पट्टी त्यांना मोठ्याने वाचायला लावतो, आणि त्याखाली जागा सोडून कागद लावतो, ‘बाकी तुम्ही तिकडे विचारा’ असा. लोकांना ते आवडत नाही. “पूर्वीचं चालेल राहिलं नाही,” असं ते म्हणतात.

ताई मात्र कुठल्याच घड्याळावर विश्वास ठेवत नाही. सेलच्याही नाही, शेगडीच्याही नाही. रोज, तो दुकान उघडून बसला की फोन येतो. आधी कुणाची चौकशी नाही, थंडी नाही, काही नाही.

“तुझ्याकडे किती वाजले?”

तो भिंतीवर बघतो. मग मनगटावर बघतो. दोन्ही जुळली तरी आतल्या बायकोला विचारतो, “तुझ्या घड्याळात किती झाले गं?” आणि तिने सांगितल्यावरच ताईला सांगतो. पलीकडे ताई पुटपुटत तास वजा करते. कधी एखादा जास्तच वजा होतो. तो दुरुस्त करत नाही, फक्त हळू आवाजात म्हणतो, “पुन्हा मोज,” आणि ती पहिल्यापासून मोजायला लागते.