शवासनातला खडखडाट

कृष्णात कांबळ्यांनी इचलकरंजीत एकतीस वर्षं यंत्रमाग चालवले. काम सोडल्यावर कंबर धरली, म्हणून डॉक्टरांनी त्यांना संथ योगाच्या वर्गाला पाठवलं. एकेका आसनात पाच-पाच मिनिटं थांबून दोन महिन्यांत कंबर मोकळी झाली. पण शेवटी शवासनात डोळे मिटले, की कानात माग खडखडायला लागायचे.

"श्वासाकडं लक्ष द्या, काका," वर्ग घेणाऱ्या प्रीतीमॅडम म्हणायच्या.

"श्वास ऐकूच येत न्हाय की वो! माग थांबतच न्हाईत."

मॅडमनी भुंग्यासारखा गुंजारव करायची भ्रामरी शिकवून पाहिली. डॉक्टरांनी कान तपासले आणि सांगितलं, "हे आता असंच राहणार."

कृष्णात अजून वर्गाला जातात. बाकीचे शांत पडले, की ते उठून भिंतीला टेकतात आणि श्वासानं वरखाली होणारी सगळ्यांची पोटं बघत बसतात.