दिलेलं इंजिन

अलिबागहून किहीमकडे निघालं की रस्त्याला लागूनच कान्हाचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, वर पत्रे, खाली माडाचे वासे आणि पुढ्यात एक आंबा, ज्याच्या फांदीला साखळीची कप्पी कायम लटकलेली. माणूस कामाला वाघ. पण एक विषय त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती, तो म्हणजे शर्यतीच्या गाडीचा. साठ सालानंतर आलेल्या नव्या लोकांना हे कुठून ठाऊक असणार? ‘कान्हाशेठ, तुम्ही म्हणे जुन्या विलायती गाडीत नवं इंजिन बसवून ती वाऱ्यासारखी पळवली होती’ असं कोणी कौतुकाने म्हटलं, की हा हातातला पाना खाली ठेवायचा आणि मागे विहिरीवर हात धुवायला जायचा. लोक म्हणायचे, किती नम्र माणूस आहे बघा. नम्र कसला डोंबलाचा. लाजेने मेलेला माणूस होता तो.

गुणाजी तांडेलाचा हा थोरला. तांडेलाच्या पोराने होडी चालवावी एवढीच जगाची अपेक्षा, पण ह्याला होडीत बसवलं की किनारा दिसेनासा व्हायच्या आत ओकारी. दोन मोसम बापाने कळ काढली. मग कोळीवाड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, तेव्हा कान्हा रेवसची बोट धरून मुंबईला पळाला. लढाईची वर्षं होती, मोटारींच्या कामाला तोटा नव्हता. गिरगावातल्या एका गॅरेजात त्याचा हात तयार झाला आणि बोलीही बदलली. ‘न्हाय’चं ‘नाही’ झालं, ‘हाय’चं ‘आहे’ झालं. पुढे स्वातंत्र्य आलं, लग्न झालं आणि तो परत आला तो बायकोपायी. जनीला मुंबईच्या खोलीत झोपच लागेना.

अशा माणसाला कोळीवाड्यात मान कुठून असणार? तो मिळाला मासळीच्या गाडीमुळे. तोवर बाया टोपल्या डोक्यावर घेऊन अलिबागला नाहीतर थेट पोयनाडला पायी जायच्या. जनीची मान बाजारातून आल्यावर संध्याकाळभर वळायची नाही. सगळ्या होड्यांनी वर्षभर आपल्या वाट्यातलं थोडं थोडं बाजूला काढलं, तेव्हा कुठे मच्छीमार सोसायटीची एक जुनी गाडी आली आणि तिच्यात नवं कोरं, चार सिलिंडरचं इंजिन बसलं. बसवलं अर्थात कान्हाने. सोसायटीचा चेअरमन काळूराम हा गुणाजीचा चुलतभाऊ, म्हणजे कान्हाचा काका. त्याने सगळ्यांदेखत गाडीची चावी कान्हाच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “ही आता तुज्या हवाली.” गुणाजी त्या दिवशी पोराकडे बघून हसला. हे जपायला नको होतं का? पण नाही जपलं गड्याने.

किहीमला सुपारीची मोठी वाडी असलेला विश्वंभर नावाचा तरुण वकील होता. वकिली कमी आणि हौस जास्त. सत्तेचाळीस साली परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्याच्या वडिलांनी दोन माणसं बसतील एवढी, लांब नाकाची शर्यतीची गाडी घेऊन ठेवली होती. खाऱ्या हवेने तिचं इंजिन खाऊन टाकलं होतं, सुटे भाग विलायतेतून यायचे बंद झाले होते, आणि गाडी वाडीत कोंबड्यांच्या उपयोगी पडत होती. किहीमच्या बंगल्यांत मुंबईची मंडळी हवापालटाला यायची. त्यातल्या एकाने नवी लाल मोटार आणली आणि विश्वंभरला डिवचलं, की तुमची म्हातारी वाळूवर चार पावलं तरी टाकेल का. झालं. शिमग्याच्या सुट्टीत किनाऱ्यावर शर्यत ठरली आणि विश्वंभर कान्हाकडे आला. “कान्हा, तिच्यात नवं इंजिन बसव. काय लागेल ते माग.”

खरं सांगायचं तर कान्हाने काही मागितलंच नाही. मासळीच्या वासाच्या गाडीखाली जन्म घालवणाऱ्याला असं काम पुन्हा कधी मिळणार? जुनं सहा सिलिंडरचं धूड त्याने कप्पीने उपटून काढलं. मासळीच्या गाडीचं इंजिन त्याला तोंडपाठ होतं, म्हणून तसंच एक मुंबईहून मागवायचं ठरवून त्याच मापाने सगळी तयारी केली. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची तोंडं जुळेनात, तेव्हा मध्ये जाड लोखंडी पत्रा कापून घातला, भोकं हाताने कानशीने घासून मिळवली. खालचं तेलाचं भांडं पुढच्या आसाला अडत होतं, ते कापून उथळ केलं आणि पुन्हा झाळलं. इंजिन जितकं मागे सरकवता येईल तितकं सरकवलं, म्हणजे गाडीचं नाक हलकं राहील. जनी जेवायला हाका मारून दमायची. सगळं तयार झालं आणि होळीच्या तोंडावर मुंबईहून इंजिन आलं, तर त्याचा ब्लॉक तडकलेला.

विश्वंभरचं तोंड उतरलं. मुंबईची मंडळी येऊन बसली होती. तो नुसतं एवढंच म्हणाला, “असंच एक इंजिन तुमच्या मासळीच्या गाडीत आहे ना रे?”

आता बघा हं, कान्हाने तेव्हाच कानांवर हात ठेवले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्याच्या मनात तो विचार आधीच येऊन गेला होता, हीच तर खरी गोम. शिमग्याला कोळी समुद्रावर जात नाही. होड्या नटून किनाऱ्याला लागतात, माणसं नाचतात, पितात, आणि मासळीची गाडी पाच दिवस जागची हलत नाही. धुळवडीला सगळा कोळीवाडा रंगात न्हात होता, तेव्हा कान्हाने गाडी गॅरेजात आणली, दुरुस्तीला आणली असं बापाला सांगितलं आणि तिचं काळीज काढून दुसरीच्या छातीत बसवलं. गाडी सुरू झाली. काय आवाज होता! कान्हाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचंच होतं, हेही सांगून टाकायला हवं.

शर्यत धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी होती. पौर्णिमेनंतरची दुसरी तिथी म्हणजे उधाणाचे दिवस, सकाळी ओहोटी, दुपारी भर भरती. कोळ्याच्या पोराला हे कोणी शिकवावं लागत नाही, तिथी कळली की पाणी कळतं. म्हणून कान्हानेच बजावून ठेवलं होतं, की दिवस उगवताच उरका, ओली वाळू फरशीसारखी टणक असते. पण बंगल्यातली मंडळी उशिरा उठली, मग त्यांचा चहा झाला, मग फोटो झाले. ऊन चढलं तरी मोटारी उभ्याच.

तिथेच विश्वंभरने पाहुण्यांना कान्हाची ओळख करून दिली. एरवी ‘अरे कान्हा’ म्हणणारा तो, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आणि हे आमचे इंजिनियर, मिस्टर काणे. मुंबईचे. ह्यांनीच केलं सगळं.”

काणे! एका अक्षराच्या फेराने गुणाजी तांडेलाचा पोरगा कुठल्या कुठे जाऊन बसला. कान्हाने तोंड उघडलं, पण पाहुण्याने हात पुढे केला होता, त्याने तो हातात घेतला आणि गप्प राहिला. हुरळून गेला हो. एका बाईंनी त्याला खुर्ची दिली. खुर्चीत बसून समोर बघतो तर पाणी निम्म्याहून वर आलेलं, ओल्या वाळूचा पट्टा अरुंद होत चाललेला. खाडीच्या तोंडाला वळसा घालून परत यायचं होतं, आणि तिथली वाळू भरतीत कशी होते हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

त्याच बाईंनी विचारलं, “काणे, पाणी वर येतंय का हो? धोका नाही ना काही?”

एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द कोळ्याचा होता, आणि खुर्चीत काणे बसले होते. कान्हा म्हणाला, “मला काही कल्पना नाही, बाई. समुद्रातलं आपल्याला काय कळतं?”

रुमाल खाली पडला आणि गाड्या सुटल्या. कान्हाचं इंजिन इतकं चांगलं चाललं, इतकं चांगलं चाललं, की लाल मोटार मागे पडली, तिच्या मालकाने लाट बघून अर्ध्यातूनच गाडी वळवली आणि तो सुखरूप परत आला. विश्वंभर मात्र जिंकण्याच्या नादात खाडीपर्यंत गेला. वळताना मागची चाकं रुतली. त्याने जोर दिला तशी ती आणखी खाली गेली, आणि पहिली लाट बॉनेटवरून पलीकडे निघून गेली. इंजिनाने पाणी ओढलं, एक आचका दिला आणि ते बंद पडलं. विश्वंभर बूट हातात घेऊन बाहेर आला.

कान्हा धावला तो खाडीकडे नाही, उलट्या दिशेने, जिथे कोळीवाडा ढोल वाजवत होता तिकडे. “दोर आना रं! काका, दोर आना, गाडी चालली!” गिरगावातली सगळी वर्षं त्या एका हाकेत वाहून गेली. रंगाने माखलेली, निम्मी पिऊन तर्र असलेली माणसं होडीचे दोर घेऊन आली. कोणी विचारलं नाही की गाडी कोणाची. छातीभर पाण्यात शिरून त्यांनी आसाला दोर बांधले आणि होडी ओढतात तशी आरोळी देत ती गाडी सुरूंच्या झाडांपर्यंत ओढून आणली. दोराच्या पहिल्या टोकाला गुणाजी होता.

पाहुणे भोवती जमले. त्या बाई म्हणाल्या, “काणे, ही तुमच्या ओळखीची माणसं का?”

गुणाजीने बाईंकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं. ते नाव त्याने बरोबर ऐकलं होतं आणि त्याला कळायचं ते कळलं. हात जोडून तो म्हणाला, “व्हय बाई. काणेसायेब आमच्या मासलीच्या गाडीचं काम करतात. लई मोटे कारागीर. आमच्या गाडीला पन असलंच इंजिन हाय.”

बापाने पोराला ‘करतात’ म्हटलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते कान्हाला त्या घटकेला अक्षरशः हवं होतं. बॉनेटच्या फटीतून खारं पाणी गळत होतं. तो म्हणाला, “बाबा, हेच ते.”

विश्वंभर बुटातली वाळू झाडत राहिला. लाल मोटारवाल्या पाहुण्याच्या लक्षात हळूहळू आलं. “म्हणजे, ह्या लोकांचं इंजिन चोरून लावलंत की काय?”

तेव्हा काळूराम पुढे झाला. कपाळावरचा गुलाल पाण्याने गालांवर उतरला होता. “चोरी कसली, सायेब? आमीच दिलं. शिमग्याला गाडी उबीच असतं, म्हनून पोराला म्हटलं, ने. आमच्याच घरचा हाय तो.” एवढं बोलून त्याने दोर गुंडाळायला घेतला, आणि बाकीच्यांनीही गुंडाळायला घेतला.

इंजिनाच्या आत वाळू गेली होती. कान्हाने ते सगळं उकलून रॉकेलने धुतलं, तरी सिलिंडरना चरे पडले ते पडलेच, आणि विश्वंभरने मागवून दिलेले भाग काही येईनात. शिमगा संपला, होड्या गेल्या, भरून आल्या. बाया पुन्हा टोपल्या डोक्यावर घेऊन गॅरेजवरून जायला लागल्या. एकीनेही टोमणा मारला नाही. जनी त्यांच्यातच असायची, आणि मान वळवता येत नाही म्हणून की वळवायची नाही म्हणून, ती गॅरेजकडे बघायची नाही.

शेवटी कान्हाला हे सोसेना. त्याने काळूरामाला सांगून बैठक बोलावली. कोळीवाड्यात चुकलेल्याला दंड असतो. मागे रघू नावाच्या एका कोळ्याने दुसऱ्याचं जाळं कापलं होतं, त्याला सगळ्यांनी मिळून फाडून खाल्लं, त्याने दंड भरला, देवापुढे नारळ फोडला आणि त्याच संध्याकाळी तो सगळ्यांच्या पंगतीला बसला. कान्हाला तेवढंच हवं होतं. सगळ्यांपुढे उभा राहून तो म्हणाला, “मला दंड लावा. काय वाटेल तो लावा.”

काळूरामाने विडी पेटवली. रागावलेला नव्हता, हेच वाईट. “कशाचा दंड, कान्हा? चार लोकांत मी बोललो, आमी दिलं. सगल्यांनी ऐकलं. आता दंड घेतला तर मी खोटा पडतो, माज्या मागं उबी ऱ्हायली ती सगली खोटी पडतात. दिलेल्या वस्तूचा दंड कसा घ्यायचा?”

“काका, मी चोरलं.”

“न्हाय. दिलं.”

कान्हाने बापाकडे पाहिलं. गुणाजी चटईचा एक सुटलेला धागा ओढत बसला होता, त्याने मान वर केली नाही. माणसं कपडे झटकत उठली आणि आपापल्या घरी गेली. कान्हा तिथेच उभा राहिलेला बघून जनी परत फिरली.

“चल,” ती म्हणाली. “मला पहाटं उटायचं हाय. पोयनाडला चालत जायचं हाय.”