खुन्याला अहोजाहो

टीव्हीवर दुपारी पुन्हा तेच इंग्लंडातलं धुकं, तोच दगडी बंगला आणि चहाच्या कपाशेजारी पडलेलं प्रेत. इंग्रजांच्या या खूनकथांचं ह्यांना भारी वेड. आधी पुस्तक वाचायचे, मग माझ्याबरोबर मालिका बघायचे. पण मराठीची पंचाईत अशी, की ‘आला’ किंवा ‘आली’ म्हटलं की निम्मे संशयित लगेच सुटतात. एकदा ह्यांच्या तोंडून ‘आता ती विष कालवणार’ असं निघून गेलं आणि मी दिवसभर अबोला धरला. तेव्हापासून हे प्रत्येक खुन्याला अहोजाहो करायला लागले. ‘खिडकी त्यांनीच उघडली,’ म्हणायचे आणि मिशीत हसायचे.

आजच्या गोष्टीचं पुस्तक ह्यांच्या हातून अर्धंच राहिलं. चष्म्याखाली ते तसंच पडून आहे, मधे बसचं तिकीट खुणेला घातलेलं. मालिका संपली. खुनी मला कळला होता, ह्यांना नाही. असं पहिल्यांदाच झालं. रिकाम्या खुर्चीकडे वळून मी म्हटलं, “अहो, त्यांनीच केला.”

खुर्चीचा वेत करकरला.

नाव मी सांगितलं नाही. न जाणो, अजून वाचत असतील.