आतेबहिणीच्या पेटीतली कॅसेट

बँड बंद होतोय ही बातमी मी तीन दिवस खरी मानली नाही. या गोऱ्या म्हाताऱ्यांचे निरोप मी पाहून घेतलेत. एकदा डोळे पुसत निरोप घेतात, तिकिटं हातोहात खपतात, आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच केस, तीच काळी बनियन, तोच आरडाओरडा. चौथ्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओचा एक तुकडा पाहिला. त्यात ड्रम वाजवणारा स्टुलावरून उठत होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलं होतं. ते गुडघे नाटक करत नव्हते. तेव्हा मानलं.

संशय माझ्या रक्तातच आहे. गोंदियाच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि कॉपी पकडण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली बोट घालून बघते. दूधवाला मला पाहून आधीच हसतो, तेही मला संशयास्पद वाटतं. नवरा म्हणतो, तू सत्यनारायणाच्या प्रसादातसुद्धा खडा शोधशील. शोधते. एकदा सापडलाही होता.

तर आमच्या विदर्भातल्या जुन्या चाहत्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पन्नाशीला टेकलेली माणसं, कोणी बँकेत, कोणी खताच्या दुकानात. बातमी पक्की झाल्यावर तिथे आठवणींचा नुसता पूर आला. भंडाऱ्याच्या एकाने लिहिलं की गिटारवाल्याशी विमानतळावर हात मिळवला होता. फोटो मागितला तर म्हणे मोबाईल चोरीला गेला. बरं. मी वाचत होते आणि एकेकाला मनातल्या मनात शून्य मार्क देत होते. मग एक ओळ आली, नंबर ओळखीचा: ‘आमची कॅसेट मामाच्या धानात उभा हंगाम वाजली.’

लिहिणारी माझी आतेबहीण होती. तिचा तो मामा म्हणजे माझे बाबा. आणि ती कॅसेट म्हणजे माझी कॅसेट, जी सव्वीस वर्षांपूर्वी तिने चोरली असा माझा पक्का समज होता. आता तिने स्वतःच्या हाताने कबुली लिहून दिली होती.

तेव्हा मी नागपूरला हॉस्टेलवर राहून शिकत होते. सीताबर्डीच्या एका दुकानातून ती कॅसेट घेतली. भरून घेतलेली नव्हे, अस्सल, आत बारीक अक्षरात छापलेली गाणी असलेली. सुट्टीत चोरखमारा तलावाच्या कालव्याखालच्या आमच्या गावी आले की आतेबहीण राहायला यायची. आम्ही दोघी मागच्या खोलीत टू-इन-वन लावून बसायचो. शब्द अर्धे कळायचे नाहीत, पण छातीत धडधडायचं. घरात बाकी कोणाला ते सहन होत नसे. बाबा दारात क्षणभर थांबायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे, निघून जायचे. त्यांच्या स्वतःच्या कॅसेटी भजनाच्या होत्या. गुंतून खराब झाल्या की त्याही वाया जात नसत. त्यांची फीत काढून पिकत्या धानावर या धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत ताणायची. वारा आला की ती चमकते, भुणभुणते आणि पोपट बसत नाहीत. आमच्याकडे सगळेच तसं करायचे.

त्या दसऱ्याच्या सुट्टीत आतेबहीण सकाळच्या बसने गेली आणि मी उठले तर कॅसेट गायब. रिकामी डबी तेवढी खिडकीत. मी घर डोक्यावर घेतलं. बाबांसमोर ओरडले, की ती चोर आहे, दुसरं कोण नेणार, दुसऱ्या कोणाला त्यातलं कळतं तरी काय. बाबा विळा घेऊन बांधीकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी नागपूरला परतले.

दिवाळीत आले तर धान कापून झालं होतं. बाबांनी मला एक नवी कोरी कॅसेट दिली. ढोल-ताशाची. वर फेटे बांधलेल्या माणसांचा फोटो. मला वाटलं माझी टिंगल करतात. “हे कशाला? माझी थट्टा करता का?” मी तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, “नाई वो, आवडंल वाटलं.” भाऊबीजेला आतेबहीण आली तेव्हा ती कॅसेट मी तिच्या अंगावर टाकली. “घे, तुला दुसऱ्यांच्या कॅसेटी आवडतात ना.” तिने ती उचलली आणि पिशवीत ठेवली. गुन्हेगार असेच गप्प राहतात, असं मी तेव्हा ठरवून टाकलं.

तिच्या लग्नात तर मी कहर केला. सगळ्या बाया हळदीला बाहेर असताना तिची पेटी उघडून पाहिली. साड्यांच्या खाली हात घातला, तर माझी कॅसेट नाही, तीच ढोल-ताशाची. मी ती परत ठेवली आणि वळले तर ती दारात उभी, अंगभर हळद. तिने पुढे येऊन पेटीचं झाकण लावलं. त्यानंतर आम्ही लग्नाबारशात भेटलो, पोरांची चौकशी केली, पण गाण्यांचा विषय मेला तो मेलाच. खरं सांगायचं तर त्या गाण्यांबद्दल बोलायला मला अख्ख्या जगात एकच माणूस होतं, आणि त्याच माणसाशी मी ते बोलत नव्हते. आता बँडच संपत होता. तिला विचारायचं तर आत्ताच, नाहीतर मग कधीच नाही.

रविवारी बस धरली आणि सडक अर्जुनीला उतरले. तिच्या नवऱ्याचं हायवेवर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, मागे घर. तिने पाणी दिलं. मी ग्लास खाली ठेवायच्या आत विचारलं, “कॅसेट तूच नेली होतीस ना? धानात एकटीने लावून ऐकलीस?”

ती म्हणाली, “इतक्या दूर हे विचारायले आली?”

“हो.”

“बैस त मंग.”

तिने सांगितलं ते असं. त्या सकाळी ती बससाठी बांधीवरून निघाली तर बाबा धुऱ्यावर उभे. काळी फीत ताणून झाली होती, शेवटची गाठ मारत होते. तिने खाली पडलेली, फीत काढलेली कॅसेट ओळखली.

“मी म्हटलं, मामा, हे त तिची होय. त म्हणाले, खराब झाली ना ते, नुसती खरखर करते, पोरगी तरी ऐकून राहिली बिचारी. मी म्हटलं, नाई मामा, खराब नोहे. ते तसेच गातेत.”

मला हसू आलं.

“मामाचं तोंड पाहवत नव्हतं,” ती म्हणाली. “सोडवाले लागले. पण फीत तुटली होती तीन जागी, मंग धानातच राहू देली. मले म्हणे, माय, तिले सांगजो नको, मी तशीच आणून देतो. मंग गोंदियाले गेले. दुकानदाराले नाव सांगता येईना. म्हणाले, जोरात ढोल वाजवतेत अन् माणूस वरडते, ते द्या. त्यानं जे देल्लं ते आणलं. माझ्या लग्नात सांगतलं त्यायनंच.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस? सव्वीस वर्षं? मी तुला चोर म्हणत होते.”

“मले म्हणून राहिली होती ते चाललं,” ती म्हणाली. “मामाले काय म्हटलं असतं तू?”

काय म्हटलं असतं ते मला चांगलं माहीत होतं. आता का लिहिलंस, असं विचारलं तर म्हणाली, “मामा गेले, आता बँडही चालला. मी कोणासाठी लपवू?”

मग ती आत गेली आणि तीच पेटी ओढत घेऊन आली. तळातून कॅसेट काढली. फेटेवाल्यांचा फोटो फिका पडला होता, पण वरचं चकचकीत प्लास्टिक जसंच्या तसं. तिने ती कधी उघडलीच नव्हती. “मामानं तुझ्यासाठी आणली होती,” ती म्हणाली. “मी कशी उघडू?”

मी ती मांडीवर घेऊन बसले. माझ्या तोंडून माफीचा शब्द निघेना, इतकी मी वाईट. तिनेच मोबाईल काढला. शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिने आधीच शोधून ठेवलं होतं, एकटीने बघितलं नव्हतं. आम्ही खाटेवर शेजारी बसलो. पहिलं गाणं सुरू झालं. गायकाचा आवाज फाटत होता, गिटार किंचाळत होती, मोबाईलचा स्पीकर थरथरत होता.

स्वयंपाकघरातून तिच्या सासूबाईंनी विचारलं, “मोबाईल खराब झाला का वो?”

“नाई आई,” आतेबहीण म्हणाली, “ते तसेच गातेत.”

चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मी डॉक्टरच्या चिठ्ठ्या तपासण्यात गुंतले होते. कोणी काय चुकवलं ते शोधत होते, आणि रडायचं राहून गेलं होतं. ते मी त्या खाटेवर रडले, गाणं संपेपर्यंत. आतेबहिणीने आवाज थोडा वाढवला, म्हणजे माझं रडणं सासूबाईंना ऐकू जाऊ नये.